दोन दिवे एकदम पेटल्याची चौकशी

१

दीक्षा सोमकुवर प्रॅक्टिकलला नापास झाली. मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या नोटीस बोर्डावर तसा कागद लागला. कागदावर विभागप्रमुख वामनराव भुसारी सरांची सही होती, सहीवर गोल शिक्का होता आणि दीक्षाच्या नावापुढे पंचवीसपैकी चार गुण होते.

अकरा वीसला भुसारी सर स्वतः आले, चारही टाचण्या काढल्या, कागदाची घडी खिशात घातली आणि बोर्डासमोरच्या एकोणीस जणांना सांगितलं, की असा कागद इथे लागलेलाच नाही.

प्रॅक्टिकलचे गुण बोर्डावर लावायचे नाहीत, थेट पोर्टलवर भरायचे, असा नियम होता आणि तो सरांना दहा मिनिटं उशिरा आठवला होता. आता कागद लागला नाही म्हणजे तो कोणी वाचला नाही, आणि कोणी वाचला नाही म्हणजे दीक्षाला काही माहीत असायचं कारण नाही. दीक्षाने तरी विचारलं, सर, मले चार काहून? सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती त्यांच्या पुढच्या आठवड्यातल्या स्वप्नाची चौकशी करतेय.

"कशात चार?" ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

हिंगणा रोडवरच्या या तंत्रनिकेतनाचं नाव तीन ओळींचं आहे. संस्थापकांचे वडील, आई आणि आजोबा अशा क्रमाने. बसचे कंडक्टर त्याला 'तीन लाइन' म्हणतात. दीक्षा तीन वर्षं रोज पारशिवनीहून दोन बस बदलून तीन लाइनला उतरत होती, आणि हे शेवटचं सेमिस्टर होतं. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. तिथे चार भरले गेले की वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर एमआयडीसीतल्या स्टॅबिलायझरच्या कारखान्यातली अप्रेंटिसशिपही गेली. कारखान्याच्या यादीत दीक्षा पहिली होती. एक जूनला पास झाल्याचा कागद घेऊन हजर व्हायचं होतं. आईने हिंगण्यात खोली बघायला मामाला पाठवलं होतं आणि मामा एक खोली पसंत करून, तिथे पाणी किती वाजता येतं हेसुद्धा विचारून आला होता.

सकाळी घडलं ते एवढंच. दीक्षाचं सर्किट सात नंबरच्या मशीनवर होतं. हाताने जोडलेलं नव्हे. सिम्युलेशन, म्हणजे कम्प्युटरच्या आत काढलेलं आणि आतल्या आतच चालणारं. त्यात दोन ट्रान्झिस्टर आणि दोन दिवे. एक ट्रान्झिस्टर जागा झाला की दुसऱ्याला झोपवतो, थोड्या वेळाने दुसरा उठतो आणि पहिल्याला झोपवतो, आणि दिवे आळीपाळीने लुकलुकतात. पुस्तकात त्याला अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर म्हणतात, विभागात लुकलुक. सोमवारी दुपारी तीनला लुकलुक झकास चालत होतं. मंगळवारी बाहेरचे परीक्षक म्हणून भंडाऱ्याहून आलेल्या सुमंत सरांनी बटण दाबलं आणि पूर्ण पडद्यावर दोन सरळ रेषा आल्या. दोन्ही दिवे एकदम पेटले आणि पेटलेलेच राहिले. दीक्षाने सर्किट बघू देता का म्हणून विचारलं, पण तिची पाच मिनिटं संपली होती. सुमंत सरांनी 'दोलन नाही' असं लिहिलं, हजेरीचा एक आणि अक्षराचे तीन गुण दिले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

दीक्षा रडली नाही. रडायला परतीच्या दोन बस होत्या. तिने डब्यातली एक पोळी उभ्यानेच खाल्ली आणि घड्याळ पाहिलं. पावणेबारा. हातात सव्वापाच तास होते, आणि सात नंबरच्या मशीनवर एक प्रेत होतं, ज्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

२

नूपुर मॅडम विभागात सगळ्यात तरुण, एक वर्षाच्या करारावर लागलेल्या, आणि आतल्या परीक्षक म्हणून सुमंत सरांच्या शेजारी बसलेल्या. त्या स्टाफरूममध्ये कूलरला पाठ लावून बसल्या होत्या. दीक्षाने तोंड उघडायच्या आत त्यांनी गुन्हा कबूल केला. शुक्रवारी त्यांनीच सगळ्या मशीनवर सिम्युलेटरची नवी आवृत्ती टाकली होती. नव्या आवृत्तीनेच लुकलुक मारलं असणार, आणि आता त्यांचा करार वाढणार नाही, असं त्या एका दमात बोलून गेल्या.

दीक्षाने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, की सर्किट सिम्युलेशनमध्ये मरतं ते कशाकशाने.

हा प्रश्न अभ्यासक्रमातला असल्यामुळे मॅडम सावरल्या. त्यांनी बोटांवर मोजलं. ग्राउंड जोडायचं राहिलं, तर शून्य कुठून मोजायचं हेच सिम्युलेटरला कळत नाही. एखादी तार नुसती लोंबत राहिली, तर समीकरणं सुटत नाहीत. काही फार झपकन बदललं, तर तो वेळेचे बारीक बारीक तुकडे करत बसतो आणि दमून थांबतो. मात्र प्रत्येक वेळी तो लाल अक्षरांत बोंब ठोकतो.

"मंग आज कोणती बोंब ठोकली?"

मॅडमनी लॅपटॉप उघडला. लॅबच्या नोंदी तिथे दिसत. सात नंबरची नोंद एका ओळीची होती: सिम्युलेशन पूर्ण, चुका शून्य.

दोघी त्या शून्याकडे पाहत राहिल्या. प्रेत होतं आणि अंगावर एक ओरखडा नव्हता.

दीक्षाने मग मॅडमना निर्दोष सोडलं. आवृत्ती शुक्रवारी बदलली आणि सोमवारी तीन वाजता लुकलुक त्याच नव्या आवृत्तीवर चाललं, म्हणजे आवृत्तीचा काही संबंध नाही. मॅडमना हे पटलं, पण आपला एवढा मनापासून दिलेला कबुलीजबाब फुकट गेल्याचं थोडं वाईटही वाटलं. त्या नोंदी वर सरकवत राहिल्या आणि मध्येच थांबल्या.

"दीक्षा, तू सोमवारी किती वाजता गेलीस?"

सव्वाचारची बस, दीक्षा म्हणाली. संध्याकाळभर ती कामठीच्या रस्त्यावर, बसमध्ये, एका माणसाच्या कोपराखाली उभी होती.

"मग तुझी फाईल सहा बेचाळीसला सेव्ह कोणी केली?"

लॅबच्या सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच होता आणि विसरू नये म्हणून तो भिंतीवर ऑइलपेंटने लिहिला होता. तेव्हा कोणीही, असं उत्तर होतं. पण कोणीही म्हटलं की विभागात प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव यायचं, आणि तो या वेळी कॅन्टीनमध्ये असायचा.

३

सौरव कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खात होता. कारखान्याच्या यादीत दीक्षा पहिली आणि तो दुसरा. ती गळाली की एक जूनला तो हजर होणार. सोमवारी तो पाचपर्यंत लॅबमध्ये होता. विभागातल्या चार जणांनी दीक्षाला न विचारता सांगितलं होतं, की सौरवनेच केलं.

सौरवने तिला बाकावर जागा करून दिली आणि आपण संशयित आहोत हे ऐकून तो खूश झाला. तीन वर्षांत त्याच्याकडून कोणी एवढी अपेक्षा ठेवली नव्हती.

"खरं सांगू? मी करणार होतो," तो म्हणाला. "रविवारी डोक्यात आलं होतं. पण सोमवारी लय गरम होतं यार."

आणि करायचं असतं तर कसं केलं असतं, हेही त्याने तर्री ओतता ओतता समजावून सांगितलं. ग्राउंडवर क्लिक, डिलीट, उठून घरी. तीन सेकंदांचं काम. लाल अक्षरं आली असती, परीक्षक खेकसला असता, मजा आली असती. पण लाल अक्षर न येऊ देता दोन सरळ रेषा काढायच्या, त्याही एकमेकींना चिकटून, तर डोकं लागतं, बसावं लागतं, मन लावावं लागतं. असलं काम आपल्या नावावर खपवणं ही बदनामी आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

दीक्षाला ते पटलं. सौरवचा आळस ही विभागातली सगळ्यात भरवशाची गोष्ट होती. ती उठणार, तेवढ्यात तो स्वतःच्याच पोह्यांकडे बघत म्हणाला, की नवं सॉफ्टवेअर मात्र भारी आहे. त्याचं सर्किट म्हणजे एसीचं डीसी करणारा साधा रेक्टिफायर. त्यात चार पूर्णांक सात किलोओहमचा रेझिस्टर टाकायचा होता. पॉइंट दाबायचा कंटाळा आला म्हणून त्याने सरळ पाच टाकून ठेवला होता. आज सकाळी फाईल उघडली तर तिथे बरोब्बर चार पूर्णांक सात. सुमंत सर म्हणाले, आकडे स्वच्छ आहेत तुझे.

"सॉफ्टवेअरनं आपल्याआपच सुधारलं. एआय असंन."

दीक्षा उभी होती ती परत बसली. सिम्युलेटर आकडे सुधारत नाही. तुम्ही पाच लिहिलं तर तो पाच घेतो, पाच लाख लिहिलं तर पाच लाख घेतो. म्हणजे सोमवारी संध्याकाळी जो कोणी तिच्या फाईलमध्ये शिरला होता, तो सौरवच्याही फाईलमध्ये शिरला होता, आणि तिथे त्याने सौरवचं भलं केलं होतं.

४

लॅबला कुलूप होतं आणि किल्ली तुळसाबाईंच्या कमरेला होती. दुसऱ्या बॅचची तोंडी परीक्षा वरच्या मजल्यावर चालली होती, तेवढ्या वेळात त्यांना लॅब पुसून घ्यायची होती. भुसारी सरांनी त्यांना बजावलं होतं, सात नंबर सील केला आहे, हात लावायचा नाही.

सील म्हणजे मॉनिटरच्या मधोमध आडवी चिकटवलेली खाकी टेप, आणि टेपवर सरांची तारखेसह सही. कीबोर्ड, माउस आणि खालचा डबा तसेच मोकळे होते. सरांच्या मते कम्प्युटर म्हणजे मॉनिटर.

"त्या पट्टीले हात लावू नको वं बाई," तुळसाबाई म्हणाल्या. "बाकी मले काही सांगितलं नाही."

दीक्षा बसली. टेपच्या वर एक खिडकी, टेपच्या खाली एक खिडकी, असे तिने पडद्याचे दोन भाग केले आणि वरच्या भागात आपलं सर्किट उघडलं. ग्राउंड जागेवर. तारा जागेवर. वीज शून्यापासून चढवायची सोय तिने ठेवली होती, तीही जागेवर. दोन्ही ट्रान्झिस्टर, दोन्ही कपॅसिटर, दोन्ही दिवे, आरशात पाहावं तसे समोरासमोर. दोन्ही बाजूंना एकेक मोठा रेझिस्टर. डावीकडे सत्तेचाळीस किलोओहम. उजवीकडे सत्तेचाळीस.

तिने टेपच्या वरून पाहिलं, खालून पाहिलं. पुस्तकात सत्तेचाळीसच आहे. पण तिने सत्तेचाळीस लिहिलं नव्हतं. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळातल्या दुकानातून तिने मूठभर सुटे रेझिस्टर आणले होते, विभागाच्या मल्टिमीटरवर एकेक मोजला होता आणि जो आकडा आला तोच फाईलमध्ये टाकला होता: डावा सेहेचाळीस पूर्णांक दोन, उजवा सत्तेचाळीस पूर्णांक आठ.

तिने खालच्या भागात बाकीच्यांच्या फाईली उघडायला सुरुवात केली. तिची धरून पंचेचाळीस फाईली. सगळ्या सोमवारी पाच ते सातच्या मध्ये सेव्ह झालेल्या, रोल नंबरच्या क्रमाने, साधारण अडीच मिनिटांना एक. सगळ्यांचे आकडे पुस्तकातले. कोणाचा काही बिघाड केलेला नाही. उलट एकाची लोंबती तार जोडून दिली होती आणि एका मुलीच्या नावातली मात्रा दुरुस्त केली होती.

दुश्मन असा नसतो.

दीक्षाने खुर्ची वळवली आणि तुळसाबाईंना विचारलं, की सोमवारी संध्याकाळी इथे कोण होतं. तुळसाबाईंनी पाहिलं नव्हतं. दार लोटलेलं होतं, लाइट चालू होता, म्हणून त्या फरशी पुसायच्या थांबल्या आणि सातला परत आल्या तेव्हा कोणी नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात राहिली होती.

"पंखे बंद होते. कूलर बी बंद. भट्टीवानी तापली होती खोली." त्यांनी पोछा बादलीत बुडवला. "पंचेचाळीस डिग्रीत पंखा बंद करून कोण बसते वं?"

कोण ते दीक्षाला माहीत होतं. तिला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

५

जिन्याखालच्या स्टोअररूममध्ये देवराव काका बसले होते. पंखा बंद. पुढ्यात जर्नलांचा ढीग, हातात शिसपेन्सिल, कानामागे दुसरी. ते विभागाचे प्रयोगशाळा सहायक. बत्तीस वर्षं त्यांनी पंखा लावला नव्हता, कारण पंखा लावला की जर्नलची पानं उडतात.

बत्तीस वर्षं दर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी देवराव काका एकच काम करत आले होते. सगळ्यांची जर्नलं घ्यायची, शेजारी पुस्तक उघडायचं आणि पोरांनी घाईत काही भलतं लिहिलं असेल तर पेन्सिलने हळूच बरोबर करून ठेवायचं. कोणाला सांगायचं नाही. एमआयडीसीत आज जे सुपरवायझर म्हणून फिरतात, त्यातले निम्मे काकांच्या पेन्सिलवर पास झालेले आहेत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. गेल्या वर्षी जर्नलाबरोबर कम्प्युटरवरच्या फाईली आल्या. काकांनी साठीला टेकल्यावर रामदासपेठेत दोन महिन्यांचा कम्प्युटर कोर्स लावला, फक्त एवढ्यासाठी.

दीक्षा दारात उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली, जसं परीक्षेत सांगतात तसं. लाल अक्षरं नाहीत, म्हणजे काही तोडलेलं नाही. तोडणारा माणूस नाही, तर दुरुस्त करणारा आहे. सगळ्यांच्या फाईली पुस्तकाबरहुकूम, म्हणजे त्याचा कोणावर राग नाही. रोल नंबरच्या क्रमाने, म्हणजे सवयीचा. आणि कागदाचा कपटा नसलेल्या खोलीत पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद करणारा.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "मंग? मीच होतो. तुझा आकडा चुकला होता पोरी. छेचाळीस पॉइंट दोन कुठं राहते काय?"

"राहते काका. मी मोजला होता."

"मोजला?"

बत्तीस वर्षांत या विभागात कोणी रेझिस्टर मोजून आकडा लिहिला असेल, ही शक्यता काकांनी धरलीच नव्हती. पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात, शेजारी सीनियरचं बघून, आणि सीनियर पुस्तक बघून. त्यातून जो आकडा वेगळा येतो तो चुकलेला असतो.

दीक्षा जमिनीवर मांडी घालून बसली. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही दाराशी एकदम आले, असं समजा काका, ती म्हणाली. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी. खऱ्या दोन व्याह्यांत एकाला थोडी जास्त भूक असते, तो पाऊल टाकतो, मग दुसरा, आणि पंगत सुरू होते. खऱ्या वस्तूही अशाच. दुकानातले कोणतेही दोन रेझिस्टर सत्तेचाळीस म्हणून घेतले तरी आत थोडा फरक असतो. त्या फरकामुळे एक ट्रान्झिस्टर केसभर आधी जागा होतो आणि दुसऱ्याला झोपवतो. कम्प्युटरमध्ये मात्र दोन गोष्टी खरोखरच सारख्या करता येतात. भूक सारखी, पाऊल सारखं. मग दोघंही एकदम आत शिरतात, दोघंही दारात अडकतात, आणि रात्रभर तिथेच हसत उभे राहतात. दोन दिवे, दोन सरळ रेषा.

जिन्यावरून कोणीतरी धडधडत खाली गेलं.

"बाकीच्या चव्वेचाळीस फाईलींत असं काही नव्हतं," दीक्षा म्हणाली. "रेक्टिफायरले फरक पडत नाही, फिल्टरले पडत नाही. एकटं लुकलुकच असं आहे."

"म्हणजे मी मारलं."

"मारलं नाही काका. सारखं केलं."

काकांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि हातातलीही ठेवली. मग कोरा कागद ओढला. ते या एकतीस तारखेला निवृत्त होणार होते, पेन्शनची फाईल भुसारी सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. परीक्षेच्या फाईलीत हात घातल्याचा कबुलीजबाब त्या फाईलीवर जाऊन पडला, तर ती टेबलावरून कधी उठेल हे कोणालाच सांगता आलं नसतं. काका लिहायला लागले तेव्हा त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

दीक्षाने कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"पहिले मले पास होऊ द्या," ती म्हणाली. "मंग तुमचं पाहू."

६

भुसारी सरांनी सगळं ऐकून घेतलं. कोणी केलं ते दीक्षाने सांगितलं नाही, काय झालं तेवढंच सांगितलं. सरांना रेझिस्टरचा मुद्दा पटला, पण त्याने काही होणार नव्हतं. परीक्षा झाली, गुण ठरले. गुण बदलायचे तर आधी निकालाविरुद्ध अर्ज हवा, आणि निकाल तर लागलेलाच नाही; न लागलेल्या निकालाविरुद्ध अर्ज घेता येत नाही. सरांना हे सांगताना मनापासून वाईट वाटत होतं.

दीक्षा दोन पायांवर नीट उभी राहिली.

"सर, निकाल लागला नाही?"

नाही, सर म्हणाले.

"मंग परीक्षा संपली कुठं?"

सरांनी छताकडे पाहिलं. दीक्षाने त्यांना घाई केली नाही. निकाल लागला होता म्हणावं, तर तो कागद का लागला हे वर कळवावं लागेल. निकाल लागला नव्हता म्हणावं, तर सकाळी नऊपासून सुरू असलेली परीक्षा अजून सुरूच आहे, आणि ही मुलगी गेले सात तास परीक्षेला बसलेली आहे, मध्ये कॅन्टीनला जाऊन आली एवढंच. सरांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. मग त्यांनी वरच्या मजल्यावरून सुमंत सरांना बोलावणं पाठवलं आणि स्वतःच्या हाताने मॉनिटरवरची टेप काढली. टेपबरोबर मॉनिटरच्या कडेचा थोडा रंग निघाला.

चार वाजून एकतीस मिनिटांनी सुमंत सर, नूपुर मॅडम, भुसारी सर आणि दाराशी देवराव काका असे सात नंबरसमोर जमले. सुमंत सरांनी आधी दीक्षाचं जर्नल मागवलं. निरीक्षणांच्या तक्त्यात निळ्या शाईने सेहेचाळीस पूर्णांक दोन आणि सत्तेचाळीस पूर्णांक आठ लिहिलेलं होतं, खाली नूपुर मॅडमची एप्रिलमधली सही होती, आणि दोन्ही आकड्यांशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात '४७' लिहिलेलं होतं. सुमंत सरांनी ते पेन्सिलचं अक्षर बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून दाराकडे पाहिलं. ते स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी याच कॉलेजातून पास झाले होते.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "टाक," एवढंच दीक्षाला म्हणाले.

दीक्षाने डावीकडे सेहेचाळीस पूर्णांक दोन टाकलं. उजवीकडे सत्तेचाळीस पूर्णांक आठ टाकलं. बाकी कशालाही हात लावला नाही आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन रेषा थोडं अंतर एकमेकींना धरून चालल्या, भुसारी सरांनी नकळत हात जोडले, आणि मग एक रेषा वर गेली, दुसरी खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. डावा दिवा, उजवा दिवा, डावा दिवा.

सुमंत सरांनी एकवीस गुण दिले. चार त्यांनी कापले, कारण मोजलेले आकडे महत्त्वाचे आहेत हे तिने सकाळीच ठासून सांगायला हवं होतं.

चार बेचाळीस. आता भुसारी सरांनी कपाटातून एक छापील प्रपत्र काढलं. परीक्षकांच्या कागदावर गुण खोडून पुन्हा लिहिले असले की ते जोडावंच लागतं, नाहीतर पोर्टल पुढचं पान उघडत नाही. दहा रकाने होते, दहावा शिक्क्याचा. आठ सरांनी भराभर भरले आणि नवव्यावर थांबले: 'त्रुटीस जबाबदार असलेल्याचे नाव (एकच).' विद्यार्थ्याचं नाव लिहिलं तर गुण रद्द होतात. कर्मचाऱ्याचं लिहिलं तर चौकशी बसते. मोकळं सोडलं तर प्रपत्र बाद.

देवराव काका दारातून पुढे आले आणि त्यांनी खिशाला हात घातला. खिशात पेन नव्हतं, पेन्सिली टेबलावर राहिल्या होत्या. तेवढ्यात दीक्षाने सरांच्या हातातलं पेन मागून घेतलं, नवव्या रकान्यात 'सोबतचा अर्ज पाहावा' असं लिहिलं, बाकावर बसली आणि अर्ज लिहायला लागली. त्याला सहा मिनिटं लागली. तुळसाबाईंनी मध्येच येऊन पंखा लावला.

भुसारी सरांनी रकाना भरलेला आहे एवढं तपासलं. सोबत जोडलेले अर्ज ते वाचत नसत. आजवर जोडलेला एकही अर्ज कोणी वाचल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी शिक्का मारला, स्कॅन केला. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी पोर्टलवर दीक्षा सोमकुवरच्या नावापुढे एकवीस उमटले आणि पाच वाजता पोर्टल बंद झालं.

अर्ज असा होता:

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक यांचे सेवेशी,

विषय: प्रपत्रातील रकाना क्र. ९ नुसार जबाबदारी निश्चित करून कारवाई करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर त्रुटीस 'दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असणे' ही परिस्थिती एकटी जबाबदार आहे. सदर परिस्थिती विभागात विनापरवाना हजर होती. तिने कोणाचीही तार तोडली नाही, आवाज केला नाही व लाल अक्षरही येऊ दिले नाही, ही बाब तिच्याविरुद्ध विचारात घेण्यात यावी. तिचा कायमचा पत्ता अर्जदारास उपलब्ध झालेला नाही.

तरी विनंती की, सदर परिस्थितीस कारणे दाखवा नोटीस बजावण्यात यावी व लेखी खुलाशासाठी सात दिवसांची मुदत देण्यात यावी. तिचा खुलासा स्वतःच्या सहीने प्राप्त होईपर्यंत रकाना क्र. ९ मध्ये अन्य कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहिण्यात येऊ नये, तसेच विभागातील कोणाचेही पेन्शनचे कागद या कारणास्तव अडवून ठेवण्यात येऊ नयेत. खुलासा समाधानकारक न आढळल्यास तिची जिल्ह्याबाहेर बदली करण्यात यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
दीक्षा सोमकुवर